नुसरत : दुसरा मिसरा अडवून धरणारा माणूस

वेलदोडा | शनिवार, रात्री ११:४२

भाची गाडीत शेजारी बसली होती. खालापूरचा टोलनाका गेला, बोगदे गेले, लोणावळा मागे पडलं. गाडीत पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खान लावलेला. कामशेतच्या आसपास ती म्हणाली, "मामा, हे हँग झालंय का? मघापासून एकच ओळ म्हणतोय."

हँग झालं नव्हतं. पण तो एकच ओळ का म्हणतोय, हे मला तिला धड सांगता आलं नाही. तळेगावपर्यंत "ऐक गं, ऐक" एवढंच म्हणत राहिलो. घरी आल्यावर वाटलं, इथे लिहून बघावं.

ओळख करून द्यायची गरज नाही, तरी नव्या लोकांसाठी थोडक्यात. जन्म १३ ऑक्टोबर १९४८, ल्यालपूर, म्हणजे आजचं फैसलाबाद. घराणं मूळचं जालंधरच्या बस्ती शेखमधलं, फाळणीत पलीकडे गेलेलं. वडील फतेह अली आणि काका मुबारक अली ही त्या काळातली गाजलेली कव्वाल जोडी, इक्बालचं काव्य गाण्यात त्यांचा हातखंडा. पोराने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. पोरगं आधी तबल्याला चिकटलं, मग गळ्याला. १९६४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्या चाळिसाव्या दिवशीच्या विधीला हा पहिल्यांदा लोकांसमोर गायला. १९७१ मध्ये मुबारक अली गेल्यावर पार्टीची सूत्रं याच्याकडे आली. (कव्वालांच्या संचाला 'पार्टी'च म्हणतात, कॅसेटवरही तसंच छापलेलं असायचं.) १६ ऑगस्ट १९९७ ला लंडनमध्ये गेला. वय ४८.

आता मुद्दा. गझलेचा शेर दोन ओळींचा. पहिली ओळ प्रश्न उभा करते किंवा चित्र काढते, दुसरी त्याचा निकाल लावते. मुशायऱ्यात पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, शायर दोनदा-तीनदा म्हणतो, ऐकणारे तो उचलून धरतात, आणि दुसरा पडला की छत उडतं. ही दोन मिसऱ्यांमधली जी फट आहे, ती साध्या मैफलीत पाच-दहा सेकंदांची असते. नुसरत त्या फटीत संसार मांडतो.

कसा, ते उदाहरणाने सांगतो. दुसऱ्याचा शेर कशाला वापरू, माझाच एक कच्चा घ्या:

रात्रभर दारात बसलो लावुनी डोळे दिशांना

झाला पहिला मिसरा. पार्टी तो ठेक्यात उचलणार, टाळ्या सुरू. दोन-चार आवर्तनांनंतर नुसरत मधेच वर उसळणार आणि त्याच अर्थाचा दुसऱ्याच कुणाचा तरी दोहा घालणार, एखादा कबीराचा. दोहा संपता संपता बरोबर समेवर पुन्हा "रात्रभर दारात बसलो". मग बुल्लेशाहची पंजाबी ओळ, रांझा रांझा म्हणता म्हणता स्वतःच रांझा झालेल्या हीरची. परत "रात्रभर दारात". मग फारसी. मग नुसतीच सरगम, श्वास कुठे घेतला कळू न देता. परत दारात. दर खेपेला ओळ तीच, पण वाट बघणारा माणूस वेगळा. कधी ती हीर असते, कधी दर्ग्याच्या पायरीवरचा फकीर, कधी आपण स्वतः.

याला गिरह म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. मूळ ओळीला दुसऱ्या काव्याची गाठ मारायची. ही काही नुसरतची निर्मिती नाही, प्रत्येक कव्वाल गिरह लावतो. पण कुठली गाठ कुठे मारायची आणि किती वेळ दुसरा मिसरा अडवून धरायचा, याची जी जाण त्याच्यात होती तिला मला तोड दिसत नाही. लोक त्याच्या आवाजाबद्दल बोलतात, तानांबद्दल बोलतात, वजनाबद्दलही बोलतात. मला तो आधी एक भयंकर वाचलेला, म्हणजे भयंकर पाठ असलेला माणूस वाटतो.

तुम्हाला काय वाटतं?

अंबाडी | शनिवार, रात्री ११:५८

आधी शेराची दुसरी ओळ द्या, मग बोलू.

वेलदोडा | रविवार, ००:०३

ती नाही मिळणार एवढ्यात. :)

काणसूर | रविवार, सकाळी ७:२०

धागा आवडला, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, "गेला", "गायला" असं एकेरी. उस्ताद म्हणा, खाँसाहेब म्हणा.

दोन, ज्या सरगमचं तुम्ही कौतुक करता तिनेच कव्वालीचं नुकसान केलं असं माझं मत आहे. कव्वाली हे शब्दांचं गाणं. 'कौल' म्हणजे वचन, त्यावरून कव्वाल. ऐकणाऱ्याच्या काळजाला शब्द भिडावा म्हणून सगळा खटाटोप. त्यात मधेच 'सा रे ग म'ची आतषबाजी आली की माणूस शब्दातून बाहेर येतो आणि गळ्याकडे बघायला लागतो. जुन्या मंडळींची ध्वनिमुद्रणं ऐका, शब्द कसा सांभाळलाय. आणि गझलच ऐकायची तर बेगम अख्तर आहेत, मेहदी हसन आहेत. एका शब्दावर मेहदी हसन जे काम करतात ते शंभर सरगमांत होत नाही.

पडघम | रविवार, सकाळी ८:०५

काणसूर, लताला आपण लताच म्हणतो आणि विठोबाला तर अरे-तुरे करतो. एकेरी असू द्या.

माझी ओळख उलट बाजूने झाली. कॉलेजात असताना 'मस्त मस्त'चं मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने केलेलं रिमिक्स एका मित्राकडे ऐकलं. नाव माहीत नाही, भाषा कळत नाही, पण डोकं गरगरलं. त्याआधी आम्ही सगळे १९९४ च्या 'मोहरा'तल्या गाण्यावर नाचलो होतो, त्याची मूळ चाल याची आहे हे नंतर समजलं. मग 'याराना'तलं 'मेरा पिया घर आया' पण त्याचंच निघालं. आपल्याकडच्या संगीतकारांनी त्या काळात फैसलाबादची विहीर उपसून काढली, आणि आम्हाला वाटायचं काय नवीन चाली येतायत! रिमिक्सवाल्यांनी निदान नाव तरी लावलं.

वेलदोडा | रविवार, सकाळी १०:३१

@काणसूर, मेहदी हसनबद्दल वाद नाही. पण तुलना कशी करायची? मेहदी हसनची गझल म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या कानात सांगितलेली गोष्ट. कव्वालीत समोर जमाव आहे आणि त्यातल्या कुणाला तरी हाल, म्हणजे भक्तीची तंद्री, यायची आहे. कव्वालाची नजर सतत समोर असते. कोण डोलतोय, कुठल्या शब्दावर डोलतोय, ते बघून तोच शब्द पुन्हा पुन्हा द्यायचा. म्हणजे पुनरावृत्ती कुठे थांबवायची हे अर्धं ऐकणारा ठरवतो. गाडीत बसून ऐकणाऱ्या भाचीला ते हँग झाल्यासारखं वाटणारच, कारण तो ज्याच्यासाठी ओळ परत म्हणत होता तो माणूस गाडीत नव्हता.

सरगमबद्दल अर्धं मान्य. काही मुद्रणांत तो गळ्याच्या नादी लागलाय. पण चांगल्या दिवशी त्याची सरगम शब्द संपल्यावर येते, शब्दाच्या जागी येत नाही. वाट बघून बघून बोलणं खुंटलंय, आता नुसते स्वर उरलेत, असं काहीसं.

@पडघम, रिमिक्सवरून आठवलं. मूळ 'मस्त मस्त' १९९० चा, मायकेल ब्रूक या कॅनडाच्या गिटारवाल्याबरोबर केलेला. ब्रूकनेच नंतर सांगितलंय की संकलन करताना त्यांनी काही ओळी मधेच कापल्या होत्या, कारण त्यांना भाषा येत नव्हती. ते नुसरतला चाललं नाही. शब्द निरर्थक होत होते. मग पुन्हा बसून जोडाजोड करावी लागली. म्हणजे बघा, गिटार चाललं, पाश्चात्त्य ठेका चालला, बिनशब्दांचं गाणंही चाललं. अर्धी तुटलेली ओळ चालली नाही. सरगमवाला माणूस शब्द सांभाळत नव्हता असं आता म्हणा!

ओसरी | रविवार, दुपारी १:१५

तुम्ही गिरह म्हणता ते वाचताना मला सारखं आमच्या गावचं कीर्तन आठवत होतं. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो, दोन तास. त्यातल्या एकेका चरणाला 'प्रमाण' देतो. ज्ञानोबांची ओवी, नाथांचं भागवत, एखादा संस्कृत श्लोकही. आणि प्रमाण म्हणून झालं की मागचे टाळकरी बरोबर मूळ चरणावर उतरतात, मृदंग थाप देतो. मूळ अभंग पाच-सहा चरणांचा, बाकी सगळा डोलारा प्रमाणांचा. ज्याचं पाठांतर मोठं तो कीर्तनकार मोठा. माझे आजोबा विणेकरी होते. ते म्हणायचे, महाराज प्रमाण कुठून आणतात ते बघू नको, परत कसे येतात ते बघ.

म्हणजे आपल्याला हे सगळं ओळखीचंच आहे. भाचीला एकदा सप्त्यात न्या.

वेलदोडा | रविवार, दुपारी १:४०

ओसरी, तुम्ही माझा अख्खा धागा चार ओळींत मांडलात. आजोबांचं वाक्य वहीत लिहून घेतलंय.

मात्रामोजे | रविवार, दुपारी ३:०२

पहिला मिसरा तपासला. गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू) चार वेळा. बिनचूक आहे. दुसरा द्या, नाहीतर लोक स्वतःच लिहायला लागतील.

पडघम | रविवार, दुपारी ३:१०

अन् तुझी चाहूल आली पाठच्या दारातुनी

जमलं का?

मात्रामोजे | रविवार, दुपारी ३:१४

शेवटी एक गुरू कमी पडतोय. कल्पना बरी.

चाळीतला | रविवार, संध्याकाळी ६:४८

कव्वालीवर एवढी चर्चा चाललीय आणि कुणी मुंबईच्या चाळींतल्या कव्वालीचं नाव घेत नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे १४ एप्रिलला कव्वालीचा सामना असायचा. दोन पार्ट्या समोरासमोर, बहुतेक वेळा एक बाई आणि एक पुरुष, रात्रभर सवाल-जवाब. भाषा मराठी, मधेच हिंदी, विषय बाबासाहेब, बुद्ध, शिक्षण आणि पहाटे पहाटे थोडी थट्टामस्करी. प्रल्हाद शिंदे यांना लोक विठ्ठलाच्या गाण्यांमुळे ओळखतात, पण त्यांनी कव्वालीही गायली. विठ्ठल उमपांनीही गायली. हार्मोनियम, ढोलक, टाळ्या, मागे कोरस, सगळा साज कव्वालीचा. दर्ग्यातला भाव गेला आणि त्या जागी चळवळ आली.

मी नुसरतला ऐकलं ते फार नंतर. पण पहिल्यांदा ऐकताना मला काही परकं वाटलं नाही. ओळ खाली पडू द्यायची नाही, कोरसने झेलायची, हे लहानपणी मांडवात बसून बघितलं होतं. फरक एवढाच, की आमच्या सामन्यात दुसरी ओळ समोरच्या पार्टीवर आदळायची. इथे ती अडवून ठेवतात.

काणसूर | रविवार, रात्री ९:१०

चाळीतला, फार छान लिहिलंत. याच्यावर वेगळा धागा काढा, विनंती.

वेलदोडा, ब्रूकचा किस्सा मला माहीत नव्हता. थोडा मऊ झालोय. थोडाच.

सरोळा | सोमवार, सकाळी ६:३० (न्यू जर्सीतून)

मला एक प्रश्न पडतो. हे भक्तिसंगीत आहे का प्रेमगीत? 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ऐकते तेव्हा त्यात दारू आहे, डोळे आहेत, साकी आहे. 'आफ़रीन आफ़रीन' तर जावेद अख्तर यांनी लिहिलेलं सरळसरळ सौंदर्याचं वर्णन आहे. आणि त्याच माणसाने 'अल्लाह हू' गायलंय. माझी सून पंजाबी आहे. तिच्या घरी लग्नात नुसरत लावतात आणि कुणी गेल्यावरही लावतात.

ओसरी | सोमवार, सकाळी ८:५५

सरोळाताई, ज्ञानदेवांची विराणी आठवा. विरहिणी आहे, अंगाला चंदन लावलं तरी पोळतंय, आणि तो येत नाही. गौळण आठवा, तिच्यात तर चक्क छेडछाड आहे. आपण त्याला शृंगार म्हणतो का भक्ती? दोन्ही म्हणतो, आणि कुणाला त्यात अडचण येत नाही.

वेलदोडा | सोमवार, सकाळी ९:३०

ओसरींना दुजोरा. पारंपरिक मैफलीत क्रम ठरलेला असतो: आधी हम्द, म्हणजे ईश्वराची स्तुती, मग नात, म्हणजे पैगंबरांची, मग मनकबत, हजरत अली किंवा एखाद्या वलीची, म्हणजे संताची. गझल त्यानंतर. तोपर्यंत ऐकणाऱ्याचा कान तयार झालेला असतो, 'तू' म्हणजे कोण हे त्याला सांगावं लागत नाही. आपण एकच गाणं सुटं उचलून ऐकतो, मागचा क्रम हरवलेला असतो, म्हणून साकी फक्त साकी उरतो. 'आफ़रीन' मात्र तुमचं बरोबर, तो १९९६ च्या 'संगम' अल्बमचा मामला आहे. ती सूफी गझल आहे असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडे.

खुलताबादकर | सोमवार, दुपारी १२:२०

नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

तुम्ही सगळे लाहोर-फैसलाबादला जाताय. जरा आमच्याकडेही या. खुलताबादला, वेरूळच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर, बुर्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. मृत्यू १३३७. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. अमीर खुसरोही निजामुद्दीनांचाच शिष्य. म्हणजे ज्याच्या रचना नुसरत आयुष्यभर गायला, त्या खुसरोचा गुरुबंधू आमच्या गावात झोपलाय. समा म्हणजे संगीतश्रवणाची त्यांना फार ओढ होती.

अजून एक. अमीर हसन सिज्जी, खुसरोचा मित्र, फारसी गझलेतलं मोठं नाव, 'हिंदुस्थानचा सादी' म्हणायचे त्याला. त्याचीही कबर इथेच आहे. औरंगजेबाची कबर बघायला गाड्या येतात, वाद घालायला तर विचारूच नका. हसनच्या कबरीशी गझलेवर प्रेम करणारा एखादाच येतो. मराठीत गझल लिहिणाऱ्यांनी तरी एकदा यावं.

मात्रामोजे | सोमवार, दुपारी १२:४१

हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं गझल लिहितोय आणि वेरूळला चारदा जाऊन आलोय. लाज वाटली. पुढच्या महिन्यात येतो.

पडघम | सोमवार, दुपारी २:१५

ऐकायला सुरुवात कुठून करावी, कुणीतरी सांगा. शोधलं की हजार व्हिडिओ येतात आणि त्यातल्या अर्ध्यांत मागे कुणीतरी ड्रम घातलेत.

वेलदोडा | सोमवार, रात्री १०:०५

माझ्या मते रिमिक्स सोडून तीन ठिकाणं.

१९८५ मध्ये इंग्लंडच्या मर्सी बेटावर वोमॅड हा संगीत महोत्सव झाला, ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलवाला. समोर बहुतेक गोरे, एक अक्षर न कळणारे, आणि रात्री उशिरा ही पार्टी बसली. त्याचं मुद्रण २०१९ मध्ये आलंय. भाषा न कळणाऱ्या लोकांना तो कसा खेचून घेतो ते ऐका. तिथे सरगम आणि लय जास्त कामाला येते, काणसूर म्हणतात तो दोष असेल तर तो इथून वाढला असावा असा माझा अंदाज.

दुसरं, पॅरिसच्या मैफली, ओकोरा कंपनीने काढलेल्या. त्या जास्त संथ, जास्त घरंदाज. काणसूर, तुमच्यासाठी.

तिसरं, सगळ्यात नवं: सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला 'चेन ऑफ लाइट'. १९९० ला रिअल वर्ल्ड स्टुडिओत गायलेल्या चार रचना, टेप तशाच पडून होत्या, चौतीस वर्षांनी बाहेर आल्या. त्यात 'खबरम रसीद इमशब' आहे, खुसरोची फारसी गझल. आज रात्री तू येणार अशी खबर मिळालीय, असा तिचा आरंभ. गाडीत तीच लागली होती. फारसी मला येत नाही, भाचीला तर उर्दूही येत नाही. पण येणार, येणार, येणार, हे तिला कळलं होतं, म्हणून तर वैतागली की हा येत का नाही.

लांब मैफल निवडा एवढंच सांगेन. पाच मिनिटांच्या तुकड्यात गिरह मावत नाही. आणि गाणं सुरू होताना नुसती हार्मोनियम वाजते, ती पुढे ढकलू नका. धाकटा भाऊ फर्रुख फतेह अलीची बोटं आहेत ती. गायक राहत फतेह अली खान त्याचाच मुलगा. तबल्यावर दिलदार हुसेन.

सरोळा | मंगळवार, सकाळी ६:०२

राज कपूरच्या घरच्या लग्नात गायले होते ना ते?

काणसूर | मंगळवार, सकाळी ७:४५

हो, ऋषी कपूरच्या लग्नाला, जानेवारी १९८०, मुंबईत. तेव्हा वोमॅड वगैरे काही झालेलं नव्हतं, जगाला नाव माहीत नव्हतं. राज कपूरचा कान!

पॅरिसचा पहिला खंड काल रात्री ऐकला. दोनदा. जास्त काही लिहीत नाही. सरगमबद्दलचं मत कायम आहे, पण त्यात एका ठिकाणी त्यांनी ओळ अर्धी सोडली, पार्टीने पुरी केली, आणि ते स्वतः गप्प बसले. ती जागा कुठली ते सांगणार नाही, शोधा.

अंबाडी | मंगळवार, सकाळी ७:५२

सगळेच अडवून धरायला लागले. वेलदोडा, तीन दिवस झाले. दुसरा मिसरा!

चाळीतला | मंगळवार, सकाळी ८:१०

मिसरा! मिसरा!

ओसरी | मंगळवार, सकाळी ८:३३

रात्रभर दारात बसलो लावुनी डोळे दिशांना...

प्रमाण म्हणून कबीराचा कस्तुरीमृग घ्या. सुगंध स्वतःच्या नाभीत आणि हुंगतोय अख्खं रान. या परत.

वेलदोडा | मंगळवार, सकाळी ९:००

ओसरी, तुम्ही गिरह अशी लावलीत की आता अडवण्यात अर्थ नाही.

रात्रभर दारात बसलो लावुनी डोळे दिशांना
तू घरी होतास आणिक पाहिला मी फक्त रस्ता

मात्रामोजे | मंगळवार, सकाळी ९:०६

वृत्तात आहे.